गॅसच्या शेगडीची निगा

दिवाळीपूर्वीं किंवा चैत्रांतल्या हळदीकुंकवापूर्वीं आपल्या घरांतून जी साफसफाई होते, तींत पहिला मान स्वयंपाकघराचा असतो. तांब्यापितळेचीं भांडीं चिंच लावून लख्ख होतात, डबे उन्हांत पडतात, फडताळांतले जुने कागद बदलले जातात, आणि गॅसची शेगडीहि वरून पुसून आरशासारखी केली जाते. पण त्याच शेगडीच्या मागून निघून ओट्याखालच्या अंधारांत शिरणारी रबरी नळी शेवटची कोणीं व केव्हां पाहिली, असें विचारलें असतां बहुतेक घरांत मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. सुनेला वाटतें तें काम सासऱ्यांचें, सासऱ्यांना वाटतें मुलाचें, आणि मुलाला वाटतें तें गॅसवाल्याचें. ज्या घरांत माणसें पुष्कळ, त्या घरांत हा घोटाळा अधिक.

वास्तविक घरांतील अग्नि कोणीं सांभाळावा, हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वींच विचारला गेला आहे. विवाहापासून गृह्याग्नीची परिचर्या गृहस्थानें स्वतः करावी, अथवा त्याच्या पत्नीनें, पुत्रानें, कन्येनें किंवा शिष्यानें करावी, असें आश्वलायन गृह्यसूत्रांत सांगितलें आहे. ही यादी देतांना सूत्रकारानें गृहस्थाचें नांव सर्वांच्या आधीं घातलें आहे, ही गोष्ट आमच्या पुरुष वाचकांनीं ध्यानांत घेण्यासारखी आहे. त्या अग्नीची जागा आतां गॅसच्या शेगडीनें घेतली, असें म्हणणें धर्मशास्त्राच्या दृष्टीनें अर्थातच बरोबर नाहीं. परंतु दहा माणसांचें पोट तिच्यावर भरतें आणि दुर्लक्ष झालें तर तीच घर जाळूं शकते. तेव्हां परिचर्या या शब्दास ती अगदींच अपात्र आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

शेगडी साफ करावयाची म्हणजे नेमकें काय करावयाचें, हें समजण्यासाठीं ती चालते कशी हें पाहिलें पाहिजे. शाळेच्या प्रयोगशाळेंत ज्यांनीं बुन्सेनचा बर्नर पाहिला असेल त्यांस हें चटकन् समजेल. कारण १८५५ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें बुन्सेननें जें तत्त्व उपयोगांत आणलें, तेंच आपल्या ओट्यावरच्या शेगडींत आहे. नळींतून येणारा वायु प्रथम एका अतिशय बारीक छिद्रांतून जोरानें बाहेर पडतो. या छिद्राच्या तुकड्यास कारागीर जेट म्हणतात. त्या जोराबरोबर बाजूच्या मोकळ्या जागेंतून बाहेरची हवा आपोआप आंत ओढली जाते, दोन्ही पुढच्या नळकांड्यांत मिसळतात, आणि मग वरच्या बर्नरच्या भोकांतून निघून पेटतात. आपल्या सिलिंडरांत प्रोपेन व ब्यूटेन या दोन वायूंचें मिश्रण दाबाखालीं द्रवरूपानें भरलेलें असतें. त्याचा एक भाग पूर्ण जळण्यास सुमारें पंचवीस ते तीस भाग हवा लागते. थोडी हवा आधीं मिसळते, उरलेली ज्योत आपल्या भोंवतालून घेते. म्हणजे शेगडींत जळतो तो वायु खरा, पण शेगडीचें सगळें कौशल्य आहे तें हवा ओढण्याचें. भोकें बुजलीं किंवा नळकांड्यांत कांहीं अडकलें, कीं ही ओढ कमी पडते.

हवा कमी पडली हें ज्योत स्वतःच सांगते. निरोगी ज्योत निळी, स्थिर व आवाज न करणारी असते. तिच्या आंत आणखी एक लहान, ठळक निळा शंकु दिसतो. ज्योतीचीं टोंकें पिवळीं होऊन डोलूं लागलीं, तर तो पिवळेपणा न जळलेल्या कोळशाच्या तापलेल्या कणांचा आहे असें समजावें. तेच कण पुढें भांड्याच्या बुडास काजळी होऊन बसतात. काजळी घांसून काढण्यांत घरच्या बायकांचा वेळ जातो आणि गॅस अधिक जळतो, हें नुकसान डोळ्यांना दिसतें. न दिसणारें नुकसान असें कीं, अपुऱ्या ज्वलनांत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु तयार होतो, आणि दारेंखिडक्या लावलेल्या लहानशा स्वयंपाकघरांत तो श्वासावाटे पोटांत जाऊन डोकें जड होतें. दिवसांतले चार तास तेथें उभें राहणारी बाई “डोकें दुखतें” म्हणाली, तर तिला गोळी देण्याआधीं एकदां ज्योतीचा रंग पाहावा. मात्र मिठाच्या पाण्याचा थेंब ज्योतींत पडला म्हणजे क्षणभर जी पिवळी झांक येते ती सोडियमची होय. तिनें कोणीं घाबरूं नये.

आतां भोकें बुजतात कशानें? आपल्या स्वयंपाकांतील जवळजवळ प्रत्येक पदार्थ उतूं जाणारा आहे. दूध उतूं जातें, वरणाच्या डाळीचा फेस येतो, भाताची पेज कांठावरून उतरते. दूध सर्वांत वाईट. त्यांतली साखर व प्रथिनें जळून भोकांच्या तोंडाशीं कठीण खपली धरतात. गुळाचा पाक सांडला तर त्याच्याहि वर. तळणाच्या तेलाचे तुषार प्रथम दिसतच नाहींत, पण उष्णतेनें आटून त्यांचा डिंकासारखा चिकट थर होतो, आणि त्यावर पोळीचें पीठ बसतें. भरताचें वांगें आपण सरळ ज्योतीवर भाजतों. तें फुटलें कीं त्याचा रस नेमका बर्नरच्या भोकांत उतरतो. वांगें, कणीस किंवा पापड भाजावयाचा तर दांड्याची जाळी वापरावी, आणि तीहि प्रत्येक वेळीं धुवावी; तिच्या तारांत अडकलेली जळकी साल दुसऱ्या खेपेस खालीं गळते. सांडलेलें शेगडी निवतांच ओल्या फडक्यानें पुसलें, तर निम्मे काम तेथेंच संपतें. रात्रीचीं आवरासावर करतांना दोन मिनिटें यास पुरतात.

पंधरा दिवसांनीं एकदां मात्र बर्नर उचलून धुवावेत. आधीं सिलिंडरवरचा रेग्युलेटर बंद करावा व शेगडी पूर्ण थंड होऊं द्यावी. मग बर्नर कोणत्या धातूचा आहे हें ओळखावें. जड आणि पिवळसर असेल तर तो पितळेचा. लोहचुंबक चिकटला तर लोखंडाचा. हलका व पांढुरका असेल तर ॲल्युमिनियमचा. पितळेच्या बर्नरास आपल्या आज्यांची चिंच अजूनहि उत्तम. गरम पाण्यांत चिंच कोळून त्यांत चिमूटभर मीठ टाकावें व बर्नर अर्धा तास बुडवून ठेवावा. चिंचेंत टार्टरिक आम्ल असतें, आणि पितळेवरचा काळा थर त्या आम्लांत विरघळतो. नंतर दांतांच्या जुन्या ब्रशानें घांसून स्वच्छ पाण्यांत खळबळावा. ॲल्युमिनियमच्या भागांस मात्र धुण्याचा सोडा लावूं नये, आणि ते आंबट पाण्यांत रात्रभर तर मुळींच ठेवूं नयेत. दोहोंनींहि तो धातु खाल्ला जातो. त्यांस साबणाचें कोमट पाणी पुरे. लोखंडी बर्नर धुतल्याबरोबर कोरडा केला नाहीं तर गंजतो.

लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा एकत्र ओतण्याची एक टूम हल्लीं फार बोकाळली आहे. फेस पुष्कळ येतो व मुलांना गंमत वाटते. परंतु आम्ल व सोडा एकमेकांस मारून मोकळे होतात आणि मागें उरतें तें जवळजवळ नुसतें खारट पाणी. चिकट थरासाठीं सोडा वेगळा वापरावा, काळ्या पितळेसाठीं लिंबूं वेगळें. दोघांचें लग्न लावण्यांत कांहीं हांशील नाहीं.

बर्नरच्या भोकांत अडकलेली खपली काढण्यास खराट्याचा हीर फार सोयीचा. तो एका टोंकास बारीक, दुसऱ्यास जाड असतो, वाकतो पण मोडून आंत सहसा राहत नाहीं, आणि पितळेस ओरखडा पाडीत नाहीं. प्रत्येक भोकांत हीर फिरवून बर्नर उजेडाकडे धरून पाहावा; सर्व भोकांतून प्रकाश आला म्हणजे काम झालें. नंतर तो पालथा घालून उन्हांत वाळवावा. आंत पाणी राहिलें तर ज्योत फुरफुरते व मध्येंच विझते. मोठ्या बर्नरची जागा मोठ्यास आणि लहानाची लहानासच द्यावी, व तो खांचेंत नीट बसला कीं नाहीं हें हातानें किंचित् फिरवून पाहावें. तिरका बसलेला बर्नर बाजूनें ज्योत बाहेर टाकतो, आणि कधीं कधीं “फट्” असा आवाज होऊन आंतल्या आंत पेटतो.

येथें पिनेविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. १८९२ सालीं स्वीडनमध्यें निघालेला प्रायमस स्टोव्ह आपल्याकडे कित्येक पिढ्यांनीं वापरला, आणि त्याच्या तोटींत पत्र्याच्या पट्टीला लावलेली बारीक पिन घालणें हा रोजचा विधि होता. रॉकेलची काजळी तोटींत बसे, तेव्हां पिनेवांचून गत्यंतर नव्हतें. वडीलधाऱ्यांच्या हातांत ती संवय अजून आहे. ज्योत मंद झाली कीं ते गॅसच्या जेटांतहि सुई किंवा तार खुपसतात. हें करूं नये. जेटाचें छिद्र मिलिमीटरच्या अंशानें मोजून पाडलेलें असतें. सुईनें तें केसभर रुंदावलें कीं वायु प्रमाणाबाहेर येऊं लागतो, हवा त्या मानानें कमी पडते, आणि निळी ज्योत कायमची पिवळी होते. बर्नर स्वच्छ असूनहि ज्योत सुधारली नाहीं तर कारागिरास बोलावून जेट बदलून घ्यावा. त्याची किंमत फार नसते. शेगडीचें बटण घट्ट झालें म्हणून त्यांत खोबरेल सोडणें हाहि असाच एक घरगुती अपराध आहे. तें काम विशेष वंगणाचें व माहितगार हाताचें आहे.

भांडें टेकण्याच्या कड्या व सांडलेलें झेलणारीं ताटलीं भांड्यांसारखींच घांसावींत. त्याविषयीं गृहिणींना सांगावयास नको. तारेच्या घांसणीविषयीं मात्र सांगितलें पाहिजे. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींच्या घरामागें अंगणांत गॅसवर चालणारी भाजण्याची मोठी शेगडी असते. उन्हाळ्यांत रविवारीं तिच्यावर कणसें, सिमला मिरच्या, पनीर भाजण्याचा कार्यक्रम होतो. तिच्या जाळ्या तारेच्या ब्रशानें घांसण्याचा तेथें प्रघात आहे. ब्रशाची तुटलेली तार जाळीस चिकटून अन्नाबरोबर पोटांत गेल्यानें घशास व आंतड्यास इजा झालेले रुग्ण तेथील ऱ्होड आयलंड राज्यांतील एका रुग्णालयांत आले, आणि २०१२ सालीं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें लोकांस त्याबद्दल सावध केलें. आपल्या स्टीलच्या घांसणीचे तुकडेहि असेच तुटतात. जाळी, तवा किंवा कढई तारेनें घांसली तर नंतर ती पाण्याखालीं धरून ओल्या फडक्यानें पुसावी, आणि झिजलेली घांसणी टाकून द्यावी. काटकसर करण्याची ती जागा नव्हे. त्या अंगणांतल्या शेगडीची दुसरी खोड अशी कीं हिवाळाभर ती बंद राहिली म्हणजे तिच्या नळकांड्यांत कोळी जाळें विणतात, आणि वसंतांत पेटवतांना वायु भलत्याच वाटेनें बाहेर येऊन भडका होतो. तेथील आपल्या मुलांनीं ऋतूच्या आरंभीं नळकांडीं लांब दांड्याच्या ब्रशानें साफ करून मगच ती पेटवावी.

कांचेच्या शेगड्या आतां घरोघर झाल्या आहेत. दिसण्यास सुंदर व पुसण्यास सोप्या, यांत शंका नाहीं. तापलेल्या कांचेवर गार पाणी किंवा ओलें फडकें टाकूं नये, व जड भांडें आदळूं नये, एवढें पुरे.

आतां ओट्याखालीं वळूं. चकाकणाऱ्या भागापेक्षां हा भाग कितीतरी महत्त्वाचा असून, सगळ्यांत कमी पाहिला जातो तो हाच. तारेची जाळी आंत घातलेली नारिंगी नळी पांच वर्षांच्या आंत बदलावी, ती चांगली दिसत असली तरीहि. रबर आंतून कडक होतें, तें वरून कळत नाहीं. नळीवर मानकाची खूण व निर्मितीचें वर्ष छापलेलें असतें. नळी दीड मीटरहून लांब नसावी, तिला जोड नसावा, तिच्यावरून गरम भांड्याचा कांठ जाऊं नये, आणि उंदरांपासून बचाव म्हणून तिला कापड वा प्लॅस्टिक गुंडाळूं नये. गुंडाळलेली नळी तपासतां येत नाहीं, आणि उंदीर त्यानें थांबत नाहीं. महिन्यांतून एकदां ओल्या फडक्यानें ती पुसून, दोन्हीं टोंकांशीं वांकवून तडा पाहावा. मग साबणाचा दाट फेस रेग्युलेटरच्या जोडावर, नळीच्या दोन्हीं टोंकांवर व मध्येंहि लावावा आणि गॅस सोडून, शेगडी न पेटवतां, बुडबुडे येतात का तें पाहावें. जळती काडी धरून गळती शोधणारे शूर पुरुष आम्हीं ऐकले आहेत. त्यांचें अनुकरण करूं नये.

सिलिंडर नेहमीं उभा ठेवावा, आणि शेगडीची जागा त्याहून उंच असावी. नवा सिलिंडर आला कीं त्याच्या गळ्याशीं असलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या आंतल्या अंगास एक अक्षर व दोन आंकडे लिहिलेले असतात ते वाचावेत. इंग्रजी ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे आंकडे वर्षाचे. त्या सुमारास त्याची पुढची तपासणी व्हावयाची असते. ती मुदत उलटून गेली असेल तर सिलिंडर परत करावा. आणणाऱ्या माणसाकडून त्याच्यासमोरच टोपण काढवून तोंडाच्या आंतली रबरी कडी जागेवर आहे का व गळती नाहीं ना, हें तपासून घ्यावें. यांत संकोच कसला? दोन मिनिटें थांबणें हा त्याच्या कामाचाच भाग आहे.

वासाविषयीं थोडें सविस्तर लिहितों. या वायूला स्वतःचा म्हणण्यासारखा वास नाहीं. आपल्याला येणारी दुर्गंधि मुद्दाम मिसळलेल्या मर्केप्टन नांवाच्या गंधकयुक्त द्रव्याची असते. त्या मिसळण्यामागें एक हृदयद्रावक घटना आहे. अमेरिकेंत टेक्सास प्रांतांतील न्यू लंडन या गांवच्या शाळेंत १८ मार्च १९३७ रोजीं जमिनीखालीं सांचलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट होऊन सुमारें ३०० मुलें व शिक्षक मृत्यु पावले. वायु गंधहीन होता, म्हणून तो सांचत असल्याचें कोणासहि कळलें नाहीं. त्यानंतर तेथें वायूस वास देण्याचे कायदे झाले. ज्यांचें आयुष्य शाळेंत गेलें त्यांना ही हकीकत वाचतांना काय वाटतें तें लिहून दाखविण्याचें कारण नाहीं.

आपला गॅस हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असतो. तो खालीं उतरतो, ओट्याखालीं, कोपऱ्यांत, जमिनीलगत पसरतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा दोनच्या आसपास गेलें, कीं एक ठिणगी पुरते. मिसळलेला वास त्याच्या पुष्कळ आधीं कळावा अशी योजना असते. पण नाकानें तें काम केलें पाहिजे ना! वय वाढतें तसा वास कमी येऊं लागतो, सर्दींत येत नाहीं, २०२० पासूनच्या साथींत तर कित्येकांचा तो महिनोनमहिने गेला होता. आणि त्याच जागीं बराच वेळ बसलेल्या माणसाचें नाक वासाला सरावतें. आमच्या परिचयाच्या एका मोठ्या घरांत नवी सून दोन दिवस म्हणत होती कीं ओट्यापाशीं वास येतो. घरांतल्या तिन्ही वडील माणसांनीं हुंगून पाहिलें व “कांहीं नाहीं” असा निकाल दिला. तिसऱ्या दिवशीं तिनें कोणास न विचारतां साबणाचा फेस लावला, तेव्हां शेगडीकडच्या टोंकाशीं, जेथें नळी उष्णतेनें कडक होऊन तडकली होती, तेथें बुडबुडे येऊं लागले. घरांत सहा पुरुष होते. वासाच्या बाबतींत वडीलकीचा मान उपयोगाचा नाहीं. ज्याला वास येतो त्याचें खरें धरावें, मग तो आठ वर्षांचा मुलगा कां असेना.

पुष्कळ घरांत देवघर स्वयंपाकघरांतच असतें, आणि समई जमिनीवर तेवत असते. जड वायु सर्वांत आधीं तेथेंच पोंचतो. सिलिंडर आणि देवघर यांच्यामध्यें शक्य तितकें अंतर ठेवावें. जागा अगदींच लहान असेल तर समई उंच कोनाड्यांत ठेवावी, आणि सिलिंडर बदलतांना घरांतला प्रत्येक दिवा व उदबत्ती शांत करावी. देवाला यांत राग येण्याजोगें कांहीं नाहीं.

गळतीचा संशय आलाच तर रेग्युलेटर बंद करून तो काढावा, सिलिंडरच्या तोंडावर दोरीला बांधलेलें टोपण बसवावें, दारेंखिडक्या उघडाव्यात, ज्योती विझवाव्यात आणि सर्वांनीं बाहेर पडावें. विजेचें कोणतेंहि बटण दाबूं नये. लावूंहि नये आणि मालवूंहि नये, कारण ठिणगी दोन्हीं वेळां पडते. पंख्यानें वास घालविण्याचा मोह तर अगदींच घातक. बाहेर आल्यावर १९०६ या क्रमांकावर दूरध्वनि करावा. तो चोवीस तास चालू असतो. टोपण कोठें आहे हें मुलांनासुद्धां माहीत असावें.

मुंबई-पुण्याकडे ज्यांच्या घरीं नळानें नैसर्गिक वायु येतो, त्यांचा हिशेब थोडा निराळा आहे. तो मुख्यतः मिथेन असून हवेपेक्षां हलका असतो, वर चढतो. म्हणून तेथें उंचावरची झडप किंवा खिडकी मोकळी पाहिजे. जुनी सिलिंडरची शेगडी जेट न बदलतां त्या नळास जोडूं नये. दोन्ही वायूंना लागणाऱ्या जेटांचीं छिद्रें वेगळीं असतात. स्वच्छतेचे बाकीचे नियम तेच.

गणपतीला किंवा उन्हाळ्याच्या सुटींत कोकणांतलें घर उघडणारांसाठीं एक सूचना राहिली. महिनोनमहिने बंद असलेल्या घरांत कुंभारीण माशी भोक दिसेल तेथें मातीचें घर बांधते, आणि शेगडीचें नळकांडें तिला आयतें सांपडतें. घर बंद करून निघतांना रेग्युलेटर काढून टोपण बसवावें, बर्नर काढून कागदांत गुंडाळून डब्यांत ठेवावेत, आणि शेगडीवर जुनें धोतर झांकावें. परत आल्यावर पहिल्या चहाची घाई कितीहि असली तरी आधीं नळकांड्यांत उजेड पाडून पाहावें, नळी हुंगावी, फेस लावावा. तोंवर चहा परसांतल्या चुलीवर होतो.